जुन्या फर्निचरला नवा रंग: घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

जुन्या कपाटाला लावलेला नवा रंग सहा महिन्यांत पापुद्रे धरून निघायला लागला, की लोक रंगाच्या कंपनीला नावं ठेवतात. खोट बहुतेक वेळा रंगाखाली सापडते. वर्षानुवर्षं चोळलेलं मेण, चकाकी आणणारा स्प्रे, हातांचा तेलकटपणा, काचेसारखं गुळगुळीत जुनं पॉलिश, यांवर कितीही भारी रंग लावला तरी तो धरत नाही. त्यामुळे या कामातला निम्म्याहून जास्त वेळ रंगाचा डबा उघडण्याआधीच जातो.

त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: ही वस्तू रंगवायचीच आहे का? भरीव सागवान किंवा शिसम असेल, रेषा सुंदर असतील आणि पॉलिश फक्त मळलेलं असेल, तर मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून पाहा. कित्येकदा काळपट थर निघून जातो आणि खाली धडधाकट लाकूड असतं. त्यावर लाख पॉलिशचे दोन पातळ हात पुरतात. जडावकाम असलेली किंवा खरोखर जुनी, मोलाची वस्तू तर जाणकाराला दाखवल्याशिवाय घासूच नका. मूळ पॉलिश एकदा खरवडलं की परत आणता येत नाही. रंगाला खरी पात्र ठरतात ती साध्या लाकडाची, ठिगळं लागलेली, डाग पडलेली, वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून केलेली कपाटं, टेबलं आणि खुर्च्या.

खाली काय आहे ते ओळखा

खणाच्या मागची बाजू किंवा टेबलाचा तळ अशी न दिसणारी जागा निवडा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाख पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर तोच प्रयोग एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने करा. आता थर विरघळला तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू (पॉलियुरेथेन), मेलामाइन किंवा तेलाचं व्हार्निश समजा. आधी रंगवलेली वस्तू असेल तर स्पिरिटने बोळ्याला रंग लागतो का ते पाहा. लागला तर पाण्याचा रंग, नाही लागला तर बहुधा ऑइलपेंट.

जुना रंग काढायचा की त्यावरच रंगवायचं, याचं उत्तर ब्लेड देतं. रंगावर दोन-दोन मिलीमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या चिरा पाडा, म्हणजे बारीक चौकटींची जाळी तयार होईल. त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. एखाद-दुसऱ्या चौकटीचा टवका उडाला तर हरकत नाही. चौकटीच्या चौकटी पट्टीला चिकटून आल्या तर तो थर पूर्ण काढावाच लागेल. नवा रंग जुन्याला धरेल आणि दोघं मिळून लाकूड सोडतील.

रंग बराच जुना असेल तर शिशाचा विचार करा. घरगुती रंगातल्या शिशावर अमेरिकेत १९७८ मध्ये बंदी आली. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. अशी वस्तू कोरडी घासू नका आणि हीटगनही लावू नका. धूळ आणि वाफ दोन्ही घातक, लहान मुलांना तर फारच. केमिकल पेंट रिमूव्हर वापरा किंवा घासायचा पॉलिश पेपर ओला करून मारा, खाली प्लास्टिक अंथरा आणि निघालेला चिखल कापडात गोळा करून बंद पिशवीत टाका.

दुरुस्ती

हँडल, बिजागऱ्या, कुलपं आधी काढा. प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पाकिटात ठेवून वर जागा लिहा. बिजागरीवरून ब्रश फिरवून ती रंगात बुडवणं ही आळसाची पक्की खूण; तो रंग दार उघडता-मिटताना पहिल्या महिन्यातच सुटतो.

खुर्ची डुगडुगत असेल तर सांध्यात वरून गोंद ओतून भागत नाही. पांढरा पीव्हीए गोंद लाकडात शिरून पकड घेतो, आणि जुन्या वाळलेल्या गोंदाचा थर त्याला आतच शिरू देत नाही. सांधा रबरी हातोडीने हळू ठोकत मोकळा करा, जुना गोंद पटाशीने खरवडून लाकूड उघडं करा, मग नवा गोंद लावून क्लॅम्पने आवळा. चोवीस तास त्यावर बसू नका.

व्हिनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) फुगलं असेल तर त्यावर सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री दाबा. जुना सरस उष्णतेने मऊ होतो आणि पुष्कळदा व्हिनियर परत बसतं. नाही बसलं तर रेषांच्या दिशेनेच ब्लेडने चीर द्या, सिरिंजने गोंद आत सोडा, वर प्लास्टिकचा तुकडा ठेवून रात्रभर वजन ठेवा.

एक-दोन मिलीमीटरची गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकूडकिडा अजून जिवंत आहे असं धरा. भोकांमध्ये सिरिंजने कीडनाशक सोडा, वस्तू काही दिवस प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि नवा भुसा पडत नाही याची खात्री झाल्यावरच भोकं बुजवा. वाळवीने पोखरलेला पाय असेल तर तो बदला. पोकळ पायावर लांबी (भोकं बुजवायची पेस्ट) भरून काही उपयोग नाही.

खड्ड्यांच्या बाबतीत जागा बघून माल निवडा. बारीक ओरखडे आणि खिळ्यांची भोकं लांबीने बुजतात. फुटलेला कोपरा, तुटलेली कड यांना मात्र दोन भागांची इपॉक्सी पुटी हवी, कारण कडेला धक्का बसतो आणि लांबी तिथून उडते. लांबी भरताना थोडी वर उचललेली ठेवा, ती वाळताना बसते.

धुणं आणि घासणं

हा क्रम उलटा करू नका. आधी धुवायचं, मग घासायचं. मळ आणि मेण वर असताना पेपर मारला तर ते निघत नाहीत, उलट पेपरने पाडलेल्या ओरखड्यांत जाऊन बसतात.

कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून स्पंज फिरवा. पाणी ओतू नका, स्पंज पिळून घ्या. मग दोनदा साध्या पाण्याने पुसा, कारण साबण राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. वाळल्यावर टर्पेंटाइनने एकदा पुसून मेण काढा, आणि कापड दर हाताला उलटत राहा, नाहीतर मेण इकडचं तिकडे होतं. शेवटी पृष्ठभागावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखे गोळा होऊन उभे राहिले तर अजून मेण किंवा सिलिकॉन आहे; पुन्हा पुसा. (चकाकी आणणाऱ्या स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं आणि ते फार चिवट असतं.)

उघडं लाकूड असेल तर १२० नंबरच्या पेपरने सुरुवात, मग १८०, शेवट २२० वर. रंगवायच्या लाकडाला त्याहून बारीक पेपर मारू नये, पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराला, धरायला काही उरत नाही. जुनं पॉलिश शाबूत असेल तर ते पूर्ण काढायची गरज नाही. १८० ने चकाकी घालवा, इतकंच. लॅमिनेट आणि मेलामाइनला १५०. तिरपा उजेड पाडून बघा. कुठेही चमकणारा ठिपका दिसला तर तिथे पेपर पोचलेला नाही, आणि रंग पहिल्यांदा तिथूनच निघणार. सपाट भागाला पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून मारा, नुसत्या बोटांनी मारला तर खळगे पडतात. व्हिनियरचा थर अनेकदा अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असतो; कडांवर दोनदा जोरात हात फिरला की खालचं प्लायवूड दिसतं. मास्क लावा, आणि झाल्यावर धूळ आधी कोरड्या ब्रशने, मग किंचित ओलसर कापडाने टिपा.

प्रायमर आणि तपकिरी डाग

पांढरा रंग लावला, सकाळी बघावं तर पिवळट तपकिरी ओघळ वर आलेले. सागवान, महॉगनी, ओक अशा लाकडांमध्ये टॅनिन असतं. ते पाण्यात विरघळतं, आणि पाण्याच्या रंगाचा प्रत्येक हात त्याला खालून वर खेचून आणतो. म्हणून त्यावर तिसरा-चौथा हात मारत बसलं तरी डाग परत येतो. जुने लाल पॉलिश आणि गाठीसुद्धा असाच रंग सोडतात. खात्रीचा उपाय: मधे लाखेचा थर.

तयार शेलॅक प्रायमर मिळतो. घरी करायचा असेल तर एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण १२० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून फडक्यातून गाळा. मेण काढलेली लाखच घ्या. साध्या लाखेतल्या मेणावर पुढचे पीयू किंवा पाण्याचे थर नीट धरत नाहीत. दोन पातळ हात, मधे पाऊण तास. मिश्रण लागेल तेवढंच करा. सहा महिने पडून राहिलेली लाख कधीकधी वाळतच नाही, चिकट राहते.

फिकट लाकडाला, टॅनिनची भीती नसेल तिथे, लाकडाचा साधा प्रायमर चालतो. पाण्याच्या प्रायमरने लाकडाची लव उभी राहते, ती २२० ने हलकेच मारा. लॅमिनेट, काच आणि धातूसाठी बाँडिंग प्रायमर वेगळा येतो, आणि तिथे त्याला पर्याय नाही. तो लावून दोन-तीन दिवसांनी वर सांगितलेली ब्लेडची परीक्षा एका कोपऱ्यात करून पाहा. प्रायमर वाळल्यावर लांबीची राहिलेली भोकं स्पष्ट दिसतात. ती आता भरा, घासा, आणि त्या ठिकाणी पुन्हा प्रायमर मारा. नुसत्या लांबीवर रंग वेगळा शोषला जाऊन ठिपके दिसतात.

रंग

किती रंग लागेल? ९० सेंटीमीटर रुंद, ९० उंच आणि ४५ खोल खणांच्या कपाटाची दर्शनी, दोन बाजू आणि माथा मिळून दोन चौरस मीटर होतात. एक लिटर पाण्याचं इनॅमल एका हाताला दहा-बारा चौरस मीटर जातं. म्हणजे दोन हातांना अर्धा लिटर भरपूर झाला. लोक लिटर-लिटर आणतात आणि मग संपवायचा म्हणून जाड हात मारतात.

रोजच्या वापराच्या वस्तूला पाण्याचं इनॅमल सोयीचं: वास कमी, दोन-चार तासांत दुसरा हात, पांढरा पांढराच राहतो. ऑइलपेंट टणक आणि जास्त सपाट बसतो, पण दोन हातांमध्ये पूर्ण दिवस लागतो आणि पांढरा काही वर्षांत पिवळट पडतो. पाण्याच्या रंगाला सिंथेटिक केसांचा ब्रश, ऑइलपेंटला नैसर्गिक केसांचा. नैसर्गिक केस पाण्यात फुगून लोळागोळा होतात.

चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा मॅट दिसणारा रंग, घरी करता येतो. मॅट अॅक्रिलिक रंगाचे तीन भाग, खडूची पूड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट एक भाग, पाणी एक भाग. पूड आधी पाण्यात कालवून गुठळ्या मोडा आणि मग रंगात मिसळा. पुडीऐवजी प्लॅस्टर ऑफ पॅरिस वापरलं तर मिश्रण लवकर घट्ट होतं, एका वेळी वाटीभरच करा. चॉक पेंटला तयारी लागत नाही असं सर्रास सांगितलं जातं. घासणं थोडं कमी लागतं हे खरं, पण मेणावर तोही धरत नाही आणि टॅनिन त्यातूनही वर येतं.

वस्तू उलटी करून पाय आणि खालचे भाग आधी रंगवा, मग सुलटी. चौकटीत फळी बसवलेल्या दाराला आधी आतली नक्षीची किनार, मग मधली फळी, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. ब्रश एक तृतीयांशच बुडवा. सपाट भागावर चार इंची फोम रोलरने रंग पसरवा आणि लगेच जवळजवळ कोरडा ब्रश एका दिशेने, टोकापासून टोकापर्यंत, अगदी हलका फिरवा. त्यानंतर हात लावू नका. अर्धवट वाळलेल्या रंगावर सुधारणा करायला गेलं की ब्रशच्या रेघा कायमच्या राहतात. रंग ओढला जात असेल तर पाच ते दहा टक्के पाणी घाला. कडांवर ओघळ जमतात, पाच मिनिटांनी एकदा तिरक्या उजेडात बघून टिपून घ्या. दोन हातांमध्ये ३२० चा पेपर नुसता फिरवायचा.

खणांच्या बाजू आणि सरकपट्ट्या रंगवू नका. प्रायमर, दोन हात आणि वरचं संरक्षक कोट मिळून थर जाड होतो, खण मुळात जेमतेम फटीवर चालत असतो, आणि दमट हवेत लाकूड फुगलं की तो अडकतो. तिथे मेणबत्ती चोळा, खण लोण्यासारखा सरकेल.

सजावटीचे प्रकार

जुनाट, झिजका परिणाम हवा असेल तर खालचा रंग पूर्ण वाळू द्या, मग मेणबत्ती चोळा, पण फक्त जिथे खरोखर हात आणि पाय लागतात तिथे: हँडलभोवती, माथ्याच्या कडा, पायांची खालची टोकं. फळीच्या मधोमध झीज कधी होत नाही, आणि तिथे घासलेलं लगेच नाटकी दिसतं. वरचा रंग लावून वाळला की २२० ने त्या जागा घासा. मेण होतं तिथला रंग सहज सुटतो आणि खालचा दिसतो. उरलेलं मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने हलकेच पुसायला विसरू नका, त्यावर संरक्षक कोट टिकणार नाही.

तडे गेलेला रंग सगळ्यांना करून बघावासा वाटतो आणि सगळ्यात जास्त बिघडतोही तोच. खालचा रंग अॅक्रिलिक, रात्रभर वाळलेला. त्यावर पांढऱ्या पीव्हीए गोंदाचा सलग थर द्या. थर जाड तर तडे रुंद, पातळ तर केसासारखे. पंधरा ते तीस मिनिटांत गोंद पारदर्शक व्हायला लागतो, बोट लावलं तर चिकटतं पण बोटाला येत नाही. हाच क्षण. आता वरचा मॅट अॅक्रिलिक रंग भरघोस घेऊन एकाच फटकाऱ्यात लावा आणि पुन्हा त्यावरून ब्रश फिरवू नका. दुसरा फटकारा उमटू पाहणारे तडे लिंपून टाकतो. काही मिनिटांत रंग फाकायला लागतो. ब्रश ज्या दिशेने गेला त्या दिशेने तडे जातात. स्पंजने टिपून लावला तर जाळीदार. गोंद पूर्ण वाळल्यावर रंग लावला तर तडेच येत नाहीत, फार ओला असताना लावला तर दोन्ही कालवले जातात. उभ्या बाजूवर गोंद ओघळतो, म्हणून वस्तू आडवी पाडून एकेक बाजू करा. आणि एक महत्त्वाचं: हा गोंद पाण्याने परत मऊ होतो. चोवीस तासांनी आधी लाखेचा एक हात देऊन तो बंद करा, मगच पाण्याचं व्हार्निश.

कोरीवकामाला ग्लेझइतकं (लावून पुसून घ्यायचा पातळ, पारदर्शक रंग) काही खुलवत नाही. ग्लेझ मीडियम चार भाग, गडद तपकिरी रंग एक भाग. पण चॉक पेंटसारख्या शोषणाऱ्या पृष्ठभागावर थेट लावलं तर ते जागच्या जागी मुरतं आणि डाग पडतात. आधी व्हार्निशचा एक हात द्या. मग छोट्या ब्रशने खोबणींत भरा आणि ओलसर कापडाने उंचवट्यांवरचं पुसून घ्या. हाताशी दहा-पंधरा मिनिटं असतात, म्हणून एका वेळी एकच फळी.

स्टेन्सिलचं गमक कोरड्या ब्रशात आहे. रंगात टेकवलेला ब्रश कागदावर इतका टिपा की आता काही उमटेल का अशी शंका यावी. मग सरळ उभा धरून ठोकत जा. कडेखाली रंग शिरतो तो नेहमी जास्त रंगामुळेच. कागद चिकटवून सजवायचं असेल तर पातळ कागद घ्या, तीन भाग गोंद आणि एक भाग पाणी, मधून कडेकडे हवा काढत चला. लेझर प्रिंट चालतो, इंकजेटची शाई फुटते. वरून तीन-चार हात व्हार्निश. सोनेरी वर्ख पितळेचा असेल तर काळा पडतो, त्यावर लाख हवीच.

वरचं संरक्षण

माथ्याला पाण्याच्या पीयूचे तीन हात, बाजूंना दोन. डबा हलवू नका, काडीने ढवळा, नाहीतर बुडबुडे तसेच वाळतात. तेलाचं पीयू जास्त कणखर असतं, पण पांढऱ्या-निळ्या रंगांना पिवळी झाक देतं. मेण हाताला छान लागतं, मात्र गरम कप ठेवला की वळं उमटतं. ते साइडबोर्डला ठीक, जेवणाच्या टेबलाला नको. मेण लावलेली वस्तू पुढे कधी रंगवायची तर पुन्हा टर्पेंटाइनपासून सुरुवात.

काही बिघडलंच तर

रंगात मध्येच गोल खळगे पडून खालचं दिसत असेल तर सिलिकॉन आहे; वाळू द्या, घासा, लाखेचा हात देऊन पुन्हा लावा. सुरकुत्या पडल्या तर ऑइलपेंट जाड लागला किंवा खालचा हात कच्चा होता. जुन्या इनॅमलवर एनसी लॅकर मारलं तरी असंच होतं, त्यातलं थिनर खालचा थर उचलतं. दोन दिवसांनीही चिकट असेल तर हवा दमट आहे किंवा खाली मेण राहिलं आहे. पंखा लावून आठवडाभर थांबून पाहा, नाही सुधारलं तर खरवडणं भाग आहे. दहा अंशांखाली किंवा कडक उन्हात मुळात काम सुरूच करू नका.

जवसाच्या तेलात किंवा तेलकट व्हार्निशमध्ये भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. ती बाहेर एकेक पसरून कडक वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पाण्याचा रंग हाताला तासाभरात कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर माथ्यावर जड वस्तू, प्लास्टिकचं कव्हर किंवा वर्तमानपत्र ठेवू नका, चिकटून रंगासकट निघतात. दारं-खण पूर्ण दाबून बंद करू नका. उरलेला रंग लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा आणि त्यावर तारीख, रंगाचा क्रमांक आणि कुठल्या वस्तूला लावला ते लिहा. कोपऱ्याचा टवका उडाला की तेवढीच बाटली लागते.